मशीनवर नाव कुणाचं, घडवली कुणी?

 

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण राजेरजवाड्यांचा नाही. तुमच्या ओसरीच्या कोपऱ्यात, जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवलेली जी शिलाई मशीन आहे ना, तिचा हा इतिहास आहे. कुणाची सासूच्या वेळची, कुणाची आईनं रुखवतात दिलेली, कुणी गटाचं कर्ज काढून घेतलेली. त्या मशीनच्या आडव्या हातावर सोनेरी अक्षरांत एक नाव असतं. काही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, सिंगर, उषा, मेरिट. पण पुष्कळ मशिनींवर असं नाव असतं की ते ना दुकानदाराला ओळखू येतं, ना दुरुस्तीवाल्याला. कुठं एखाद्या देवाचं नाव, कुठं मुलीचं नाव, कुठं पन्नास वर्षांपूर्वी बंद पडलेल्या दुकानाचं नाव.

मग प्रश्न पडतो, ही मशीन खरी केली कुणी?

हा प्रश्न रिकामपणीचा नाही. मशीन बंद पडली आणि बॉबिन केस बदलायची झाली, तर कोणती बसेल हे ती कुणी घडवली त्यावर ठरतं. भंगारवाला दारात येऊन किलोच्या भावानं मागतो, तेव्हा आपण काय देऊन टाकतोय हे माहीत असावं लागतं. आणि तिसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. आपणही कितीतरी वस्तू करतो, ज्यांच्यावर नाव दुसऱ्याचं लागतं. त्याबद्दल शेवटी बोलू.

नाव विकणाऱ्याचं, काम करणाऱ्याचं

आधी एक गोष्ट समजून घेऊ. यंत्रावर लिहिलेलं नाव हे नेहमी करणाऱ्याचंच असतं असं नाही. मोठे दुकानदार काय करतात? कारखान्याला सांगतात, आम्हाला इतके नग द्या, पण त्यावर तुमचं नाव नको, आमचं घाला. कारखान्याला एकगठ्ठा गिऱ्हाईक मिळतं, दुकानदाराचं नाव घरोघर जातं. गिऱ्हाइकाला मात्र वाटतं, ही त्या दुकानानंच केली.

अमेरिकेत सिअर्स, रोबक नावाची फार मोठी पेढी होती. ती शेतकऱ्यांना घरबसल्या जाडजूड यादी पाठवायची आणि टपालानं माल द्यायची. शेती-अवजारं, कपडे, चुली, शिलाई मशिनी, सगळं. अंगणातलं गवत कापायची यंत्रंही ती विकायची. त्यांच्यावर नाव असायचं 'क्राफ्ट्समन'. पण सिअर्सचा गवत कापायच्या यंत्रांचा स्वतःचा कारखाना नव्हता. तिथल्या जाणकारांनी एक खूण ओळखली. यंत्राच्या पट्टीवर जो मॉडेल नंबर असतो, त्यातले पहिले ३ आकडे म्हणजे खऱ्या कारखान्याची खूण. २४७ असेल तर एमटीडी कंपनी, ५३६ असेल तर मरे, ९१७ असेल तर रोपर आणि तिच्यानंतर तिचा धंदा घेणारी कंपनी. नाव एकच, पण घरं वेगळी.

हीच रीत सिअर्सच्या 'केनमोर' शिलाई मशिनींना होती. नंबर ११७ नं सुरू झाला तर ती अमेरिकेतल्या व्हाइट कंपनीची. १५८ नं सुरू झाला तर जपानमधल्या मारुझेनची. ३८५ असेल तर जपानच्याच जानोमेची. तिथल्या बायका आजही आजीची मशीन उलटीपालटी करून हे आकडे शोधतात, कारण सुटा भाग मिळवायचा तर केनमोर म्हणून भागत नाही, खरा कारखाना सांगावा लागतो.

जपानची गोष्ट तर याहून मोठी आहे. दुसरं महायुद्ध १९४५ ला संपलं. देश उद्ध्वस्त झाला होता. तिथल्या कारखान्यांनी सिंगरच्या एका जुन्या, भरवशाच्या नमुन्याची नक्कल करून मशिनी काढल्या आणि जगभरच्या दुकानदारांना विकल्या. ज्या दुकानदाराला जे नाव हवं, ते नाव. त्यामुळे एकाच साच्यातल्या मशिनी शेकडो वेगवेगळ्या नावांनी जगभर गेल्या. पण मशीन उलटी केली की खाली ओतीव लोखंडात 'जे' आणि 'ए' ही इंग्रजी अक्षरं आणि एखादा आकडा उठून दिसतो. तीच करणाऱ्याची खूण. वरचं सोनेरी नाव गिऱ्हाइकासाठी, खालचं ओबडधोबड अक्षर कारखान्याच्या हिशोबासाठी.

आपल्याकडे हेच काम पंजाबातल्या लुधियान्यानं केलं. शिलाई मशिनी आणि त्यांचे सुटे भाग करणारे लहानमोठे कितीतरी कारखाने त्या एका शहरात आहेत. कुणी फक्त सांगाडा ओततो, कुणी चाक करतो, कुणी शटल करतो, आणि कुणी हे सगळं जोडून मशीन उभी करतो. व्यापारी सांगेल ते नाव त्यावर चढतं. म्हणून आपल्या तालुक्याच्या बाजारात दहा नावांच्या मशिनी दिसल्या, तरी त्या दहा कारखान्यांच्या असतीलच असं नाही.

एका नावाखाली अनेकांची अक्कल

आता जरा मागं जाऊ. सिंगर हे नाव एवढं मोठं झालं की पुष्कळांना वाटतं, शिलाई मशीन सिंगरनंच शोधली. तसं नाही.

तुमच्या हाताला रोज लागणारे भाग घ्या. हातानं शिवायच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं. मशीनच्या सुईचं नेढं मात्र टोकापाशी असतं. अशी सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा यांचा मेळ घालून टाका बसवायचं पेटंट १८४६ मध्ये एलियस हाउ या अमेरिकन कारागिरानं घेतलं. पेटंट म्हणजे सरकारनं दिलेला हक्क, की ही युक्ती अमक्याची, दुसऱ्यानं वापरली तर त्याला पैसे द्यावेत. कापड आपोआप पुढं सरकवणारे दाते आहेत ना, फुटाच्या खाली वरखाली होणारे, ती अक्कल अॅलन विल्सनची. आयझॅक मेरिट सिंगर हा मूळचा नाटकातला नट आणि हरहुन्नरी मिस्त्री. त्यानं १८५१ मध्ये पेटंट घेतलं. उभी वरखाली होणारी सुई, कापड दाबून धरणारा फूट, पायानं चालवायची सोय, असं सगळं एकत्र बसवून त्यानं काम देणारी मशीन उभी केली. मग हाउनं त्याच्यावर दावा लावला आणि जिंकला. सिंगरला हाउला पैसे द्यावे लागले. शेवटी १८५६ मध्ये या सगळ्या पेटंटवाल्यांनी भांडण मिटवून आपले हक्क एका गाठोड्यात बांधले.

पुढं, कापडाची कड उसवू नये म्हणून वेडावाकडा, झिगझॅग टाका घालणाऱ्या मशीनचं पेटंट १८७३ मध्ये हेलन ब्लँचर्ड या बाईनं घेतलं. आज गावोगावी साडीला पिको करून संसाराला हातभार लावणाऱ्या सख्यांनी हे नाव ध्यानात ठेवावं.

गाठोड्यातली शेवटची पेटंटं १८७७ मध्ये संपली. आता कुणीही मशीन करायला मोकळं झालं. तिथून दुकानाच्या नावाच्या मशिनींना पूर आला. अमेरिकेतल्या डेव्हिस, नॅशनल अशा कंपन्या दुकानदार म्हणेल त्या नावानं मशिनी करून देऊ लागल्या.

सिंगर कंपनीचं खरं यश मात्र यंत्रापेक्षा विकण्याच्या रीतीत होतं. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क हा वकील होता. त्यानं हप्त्यानं मशीन द्यायची रीत काढली. थोडे पैसे आधी द्या, मशीन घरी न्या, शिवून कमवा आणि दर महिन्याला फेडा. आज आपण गटातून कर्ज घेऊन मशीन घेतो आणि शिवणाच्या कमाईतून हप्ता भरतो, तो हिशोब एवढा जुना आहे.

आपल्या भागात मशीन कशी आली

सिंगरच्या मशिनी हिंदुस्थानात १९व्या शतकाच्या शेवटच्या काळात पसरू लागल्या. हा व्यापार उभा केला नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी. त्यांनी शहराशहरांत दुकानं काढली, हप्ते गोळा करणारी माणसं नेमली आणि शिंप्यांना मशीनवर बसवलं. त्या काळी मशीनवर मुख्यतः पुरुष शिंपीच बसायचे. बायका हातानं गोधड्या शिवायच्या, चोळ्यांना टाके घालायच्या, पण त्याला कुणी धंदा म्हणत नसे.

आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मनमाडहून परभणी, पूर्णा, नांदेडवरून सिकंदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. आपलं पिंगळी स्टेशनही परभणी आणि पूर्णेच्या मधे याच मार्गावर आहे. आज शिक्षणाला, दवाखान्याला, बाजाराला आपण ज्या रुळांवरून जातो, त्याच रुळांनी मुंबई बंदरात उतरलेला माल मराठवाड्यात यायला वाट मिळाली. त्याआधी जड ओतीव लोखंडाची वस्तू बैलगाडीनं आणणं सोपं नव्हतं. त्यामुळे तुमच्या घरातली मशीन खरोखर शंभर वर्षांची असेल, तर ती आधी बोटीनं आणि मग रेल्वेनं आली असण्याचा संभव मोठा.

बाईच्या हाती मशीन यायला मात्र आणखी वेळ लागला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्याचं सेवासदन १९०९ मध्ये सुरू झालं. विधवा आणि निराधार बायांना स्वतःच्या पायावर उभं करायचं तर हातात काम हवं, म्हणून तिथं शिवणकामही शिकवलं जाई. यंत्रांवर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मध्ये बोलताना शिलाई मशीनला त्यातून वगळलं होतं. माणसाचे कष्ट हलके करणारं यंत्र त्यांना नको नव्हतं.

देशी मशीन आली १९३० नंतरच्या दशकात. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं 'उषा' काढली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर बंधनं आली आणि घरोघरी उषा पोचली. पुढं 'मेरिट' आली. हे नाव वेगळं वाटलं, तरी ते सिंगरच्याच घरातलं. मघाशी सांगितलं ना, त्या नटाचं पूर्ण नाव आयझॅक मेरिट सिंगर. म्हणजे नाव दोन, घर एक. आणि लुधियान्याच्या मालात याच्या उलट, घर एक आणि नावं दहा.

मशीन वाचायची कशी

आता हातानं करायच्या गोष्टीकडे येऊ. घरी गेल्यावर एक ओली, एक कोरडी फडकी, थोडं तेल आणि उजेडासाठी मोबाइल घ्या. सोबत शाळेत जाणारी लेक असू द्या, इंग्रजी अक्षरं ती वाचून सांगेल.

पहिलं काम, वरच्या सोनेरी नावावर लगेच विश्वास ठेवू नका. ते नाव रंगाचं किंवा चिकटवलेलं असतं. पुसून दुसरं चढवता येतं. जुन्या मशीनला नवा काळा रंग मारून प्रसिद्ध नाव चिकटवणं अवघड नसतं. जे लोखंडात ओतलेलं किंवा ठोकलेलं असतं, ते बदलणं अवघड. साक्ष त्याची घ्यायची.

दुसरं, नंबर शोधा. सिंगरच्या जुन्या मशिनीवर तो बहुतेक उजव्या बाजूला, जिथं उभा खांब खालच्या पाटाला मिळतो, तिथं ठोकलेला असतो. वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ बसून तो दिसेनासा होतो. हलक्या हातानं पुसा, खरवडू नका. नुसते आकडे असतील आणि आधी अक्षर नसेल, तर ती सिंगर १९०० च्या आधीची. आकड्याआधी एक इंग्रजी अक्षर असेल तर साधारण १९०० ते १९३५ मधली. दोन अक्षरं असतील तर त्यानंतरची. अक्षरावरून कारखानाही कळतो. 'एफ', 'जे', 'वाय' ही अक्षरं किंवा 'ई' नं सुरू होणारी जोडी असेल, तर मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकची. 'जी' असेल तर अमेरिकेतली. 'सी' असेल तर जर्मनीतल्या विटेनबर्गे कारखान्याची.

तिसरं, खांबावरचा पितळी बिल्ला बघा. खऱ्या जुन्या सिंगरला तो लहान खिळ्यांनी पक्का बसवलेला असतो आणि त्यावर आडव्यातिडव्या सुया, शटल आणि दोऱ्यानं काढलेलं 'एस' अक्षर असतं. बिल्ल्याच्या जागी नुसती दोन भोकं असतील, तर समजा मूळ बिल्ला गेला.

चौथं, मशीन तिच्या बिजागरीवर मागं कलती करा आणि पोटाखाली बघा. जपानी मशिनीची ती 'जे-ए' खूण इथंच सापडते. देशी मशिनीला एखाद्या ओतशाळेचं अक्षर किंवा आकडा सापडू शकतो.

पाचवं, सरकपट्टी बघा. बॉबिनवरची जी चकचकीत पत्र्याची पट्टी सरकते, तिच्यावर जुन्या मशिनींत पेटंटच्या तारखा बारीक अक्षरांत कोरलेल्या असतात. त्यातली सर्वांत अलीकडची तारीख धरायची. मशीन त्याहून जुनी असू शकत नाही, नवी असू शकते. कुणी म्हणालं ही दीडशे वर्षांची आहे आणि पट्टीवर १८९२ ची तारीख निघाली, तर तिथंच निकाल लागला.

सहावं, खालचा दोरा कशात भरतात ते बघा. होडीसारखं लांबट शटल असेल, तर नमुना जुना. गोल बॉबिन आणि डावीकडून बसणारी केस असेल, तर बहुधा सिंगरच्या त्याच पंधरा नंबरच्या नमुन्यावर बेतलेली. जपाननं आणि नंतर आपल्या देशी कारखान्यांनी नक्कल केली ती मुख्यतः याच नमुन्याची. याचा फायदा आपल्याला होतो. अशा मशिनीवर नाव काहीही असलं, तरी तिला साधी घरगुती मशीनची सुई आणि बाजारात मिळणारी गोल बॉबिन बऱ्याचदा बसते. म्हणजे नाव ओळखू आलं नाही तरी नमुना ओळखू आला की मशीन चालू होऊ शकते. होडीच्या शटलची मशीन मात्र जपा, तिचं शटल हरवलं तर दुसरं मिळणं कठीण.

सातवं, पायाचा सांगाडा वेगळा धरा. त्यावर ओतलेलं नाव मशीनच्या डोक्याचं असेलच असं नाही. हातमशीन घेऊन ती नंतर दुसऱ्याच्या सांगाड्यावर बसवणं ही आपल्याकडची नेहमीची रीत.

नवीन मशीन असेल आणि तिच्यावर आयएसआयची खूण असेल, तर खुणेखाली 'सीएम/एल' आणि पुढं आकडे असतात. हा त्या कारखान्याला मिळालेल्या परवान्याचा क्रमांक. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर तो टाकला की परवाना खरा आहे का आणि कुणाच्या नावावर आहे, ते कळतं.

समजा, एका मशिनीवर कुणालाच माहीत नसलेलं नाव आहे. नंबराआधी सिंगरचं अक्षर नाही, पितळी बिल्ला नाही, पोटाखाली जपानी खूण नाही. बॉबिन गोल आहे, केस डावीकडून बसते. मग बहुधा ती देशी कारखान्यात जोडलेली आणि व्यापाऱ्याच्या नावानं विकलेली. शंभर वर्षांची ठेव नाही, पण दुरुस्त करून आणखी वीस वर्षं चालेल अशी. हा निकालही कामाचाच आहे.

दारात येणारे गिऱ्हाईक

जुन्या मशिनींबद्दल एक अफवा अधूनमधून डोकं वर काढते. जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' असतो आणि त्याला लाखो रुपये मिळतात. ही अफवा २००९ मध्ये सौदी अरेबियात इतकी पेटली की लोक मोडक्या मशिनींसाठी लाखाच्या घरात पैसे मोजू लागले. मोबाइल सुईजवळ नेला आणि फोन कटला तर आत लाल पारा आहे, अशी परीक्षाही लोक करू लागले. पोलिसांना चौकशी करावी लागली. मशीनमध्ये असा पारा नसतो. लाल पारा नावाचा चमत्कारी पदार्थच नाही. शिलाई मशिनीत लोखंड, पोलाद, थोडं पितळ आणि लाकूड, एवढंच असतं.

म्हणून दोन्ही बाजूंनी सावध राहा. कुणी लाखांची स्वप्नं दाखवून आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. आणि कुणी चालू मशीन भंगाराच्या भावात मागितली तर तीही देऊ नका. आधी नंबर वाचा, फोटो काढा, गटाच्या बैठकीत दाखवा, मग ठरवा. जुन्या सिंगर लाखोंनी झाल्या, म्हणून बहुतेकींना दुर्मीळ म्हणून मोठी किंमत येत नाही. तिची खरी किंमत ती शिवते यात आहे.

नंबराच्या मागच्या बाया

आता क्लाइडबँकची गोष्ट सांगते. तुमच्या मशिनीवर 'एफ' किंवा 'जे' अक्षर निघालं, तर ती या गावातून आलेली आहे.

स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठी सिंगरनं १८८५ मध्ये हा प्रचंड कारखाना सुरू केला. त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ लांबून दिसायचं. कारखान्यासाठी वेगळं रेल्वे स्टेशन होतं, त्याचं नाव आजही 'सिंगर' आहे. १९१३ मध्ये एका वर्षात तिथून सुमारे १३ लाख मशिनी बाहेर पडल्या. हजारो माणसं तिथं कामाला होती आणि त्यांत बायका-मुली फार मोठ्या संख्येनं होत्या.

मार्च १९११ मध्ये तिथं लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या १२ बायकांनी काम थांबवलं. कारण साधं होतं. त्यांच्या तुकडीतल्या ३ बायका काढल्या आणि त्यांचं काम उरलेल्या १२ जणींवर टाकलं, वर मजुरीही कमी पडू लागली. त्या १२ जणींच्या मागं दुसऱ्या खात्यांतल्या बायका आल्या, मग पुरुष आले. काही दिवसांत जवळजवळ ११ हजार कामगार कारखान्याबाहेर उभे राहिले. संप काही आठवडे चालला आणि मोडला. एप्रिलमध्ये लोक कामावर परतले. नंतर संपात पुढं असलेल्या सुमारे ४०० जणांना कंपनीनं काढून टाकलं. त्यांत जेन रे नावाची एक बाई होती. ती पुढं मतदानाच्या हक्कासाठी लढली आणि आपल्या गावची नगरसेविका झाली.

तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. पण त्यानं केलेल्या मशिनी कुठंकुठं अजून चालू आहेत. त्या १२ जणींपैकी एकीचंही नाव कुठल्या मशीनवर नाही. वर नाव सिंगरचं, खाली एक अक्षर आणि काही आकडे. एवढ्याच धाग्यानं आपण त्यांच्यापर्यंत पोचतो. मशीन कुणी घडवली हे विचारत गेलं, की आधी दुकान लागतं, मग कारखाना लागतो, आणि कारखान्याचं दार उघडलं की आत आपल्यासारख्याच बाया भेटतात.

आपल्या मालावर नाव कुणाचं

आणि म्हणून ही गोष्ट आपली आहे. आपल्या गटांतल्या सख्या पापड, शेवया, मसाला, चटणी करतात. काहीजणी शाळेचे गणवेश, कापडी पिशव्या शिवतात. पुष्कळदा मोठा व्यापारी म्हणतो, माल तुम्ही करा, पाकीट माझ्या नावाचं. त्यात वाईट काही नाही. रोजगार मिळतो, विकायची चिंता जाते. जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांनीही हेच केलं. पण ते करताना त्यांनी लोखंडात आपली खूण मात्र ओतून ठेवली.

आपली खूण ठेवायला आता कायद्याचाही आधार आहे. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाकिटावर करणाऱ्याचं नाव आणि पत्ता लागतो. करणारा वेगळा आणि पाकीट भरणारा वेगळा असेल, तर दोघांचंही नाव लागतं. म्हणजे व्यापाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात असेल तर असू द्या, पण खाली बारीक अक्षरात 'निर्माता' म्हणून तुमच्या गटाचं नाव आणि गाव आलं पाहिजे. हे उपकार म्हणून मागायचं नाही. करार करतानाच विचारायचं. उद्या व्यापारी बदलला, दुकान बंद पडलं, तरी गिऱ्हाईक त्या बारीक अक्षरांवरून तुमच्यापर्यंत येऊ शकेल.

नवी मशीन घेतानाही हेच ध्यानात ठेवा. पंतप्रधान विश्वकर्मा योजना २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. मशीन योजनेतून येवो की गटाच्या कर्जातून, बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या, मशीनवरचं नाव, करणाऱ्या कारखान्याचं नाव आणि मशीनचा नंबर. बिलाचा फोटो गटाच्या वहीजवळ ठेवा. मशीन हरवली, बिघडली, वाटणीचा प्रश्न आला, नवरा किंवा दीर म्हणाला ही आमची, तर तो नंबर आणि तुमच्या नावाचं बिल हाच तुमचा पुरावा.

शेवटी एक काम देते. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घरच्या मशीनचा नंबर कागदावर लिहून आणा. सोबत ती कुणी घेतली, कधी घेतली, तिच्यावर पहिली कोण बसली, एवढं घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून आणा. आजी असेपर्यंतच ते कळणार आहे. गटाच्या वहीत एक पान त्यासाठी राखून ठेवा. कारखान्याचं नाव नंबरावरून निघेल. पण त्या मशीनवर कुणी किती रात्री जागून किती लेकरं शिकवली, ते फक्त तुमच्याच वहीत राहील.